उजव्या बाजूचं ठिगळ

बाळीवेशीतल्या मृत्युंजय उंबरज्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूतली चूक शोधायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणारा एक कारखाना होता, तिथे ते माल तपासायला होते. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेवरून कापड सरकायचं आणि उंबरजे उभे राहून बघायचे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, काठात चुकलेला रंग दिसला की खडूची फुली. फुलीचा नग सेकंडमध्ये, म्हणजे स्वस्तात विकायच्या मालात जायचा, काचेवर पुढचा नग यायचा. हाताखाली नवा माणूस आला की त्याला ते पहिल्याच दिवशी सांगायचे, फुली मारलेला नग डोक्यातून काढून टाक, नाहीतर पुढचा दिसणार नाही.

ही नजर कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा उंबरज्यांनी चहाची बशी हातात घेतल्या घेतल्या यजमानांना सांगितलं की तुमचा पडदा उलटा लावलाय. लग्न ठरलं, पण त्यांच्या पत्नी महेश्वरीबाई आजही ही गोष्ट चारचौघांत सांगतात आणि त्यांना कुठेही नेताना आधी दम भरतात.

विमानांचा नाद त्यांना चाळिशीत लागला. कारखान्यात आलेल्या एका जर्मन खरेदीदाराने जाताना प्लास्टिकच्या विमानाचा एक डबा तपासणीच्या टेबलावर ठेवून दिला. डब्यात फ्रेमला चिकटलेले दीडशे तुकडे आणि घडी घातलेला नकाशा. उंबरज्यांनी तो जोडायला चार महिने घेतले. मग दुसरा मागवला, मग तिसरा. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा काचेच्या कपाटात सत्तावीस विमानं होती. एकातही जोड दिसत नाही. पेठेत त्यांना ‘विमानवाले उंबरजे’ म्हणतात. त्यांना ते आवडतं, पण तसं ते कधी दाखवत नाहीत.

गेल्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उलगडत होती त्या सुमारास, प्रभा मोहोळकर त्यांचा पत्ता काढत आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, नीट बोलणाऱ्या बाई. रेल्वे लाइन्समध्ये वडिलांबरोबर राहतात. नवी पेठेत रंग आणि ब्रश विकणाऱ्या दुकानदाराने उंबरज्यांचं नाव सांगितलं होतं. त्यांच्या हातात एक मोठा डबा होता. वडील, वेणीमाधव मोहोळकर, एकेकाळी हवाई दलात मेकॅनिक होते. चार इंजिनांची, दोन शेपट्यांची लिबरेटर नावाची बाँबफेकी विमानं त्यांनी सांभाळली होती. महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली ती विमानं आपल्याकडे दुरुस्त करून वापरात आणली आणि पुढे वीस वर्षं चालवली. नातीने पुण्याहून त्याच विमानाचं किट पाठवलं होतं. म्हाताऱ्यांनी ते हौसेने जोडायला घेतलं, अर्ध्यावर आणलं, आणि दिवाळीनंतर त्यांची नजर फारच उतरली. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. हातही थरथरतो.

“फेब्रुवारीत त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे,” प्रभाताई म्हणाल्या. “त्या दिवशी हे टेबलावर ठेवायचंय म्हणतात. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही पूर्ण करून द्याल का?”

उंबरज्यांनी झाकण उघडलं. दीड फूट पंखांचं विमान होतं. धड जोडलेलं, पंख बसवलेले, ब्रशने चंदेरी रंग दिलेला. फट राहिलेली, डिंकाचे बोटांचे ठसे उमटलेले, आणि मागे शेपटीजवळ पेराएवढा एक चौकोन, पोपटी रंगाचा, वेडावाकडा. त्यांनी तो लगेच हेरला. तपकिरी कागदाची एक चिठ्ठीही आत होती. मोठ्या, घसरत जाणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पोपटी तसाच.’

त्यांनी प्रभाताईंना विचारलं की काकांना रंग ओळखू येतात का. त्या म्हणाल्या की नाही हो, परवा निळा शर्ट हिरवा समजून घातला.

उंबरज्यांच्या मनात प्रश्न तिथेच मिटला. काकांना एकदा फोन करावा असं त्यांच्या मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण त्या चौकोनाला मनातल्या मनात फुली मारून झाली होती. आणि दुसऱ्याच्या हातचं काम सुधारून देण्यात एक सुख असतं, ते विचारून घालवायचं कशाला?

पुढचे दहा दिवस ते सकाळी गच्चीवर बसले. थिनरने सगळा रंग उतरवला. फटी लुकणाने भरल्या, पाण्याखाली पॉलिश पेपरने घासल्या. पंख्यांवर, इंजिनांवर, बंदुकांच्या घुमटांवर नकाशात सांगितल्याप्रमाणे रंग दिला. चंदेरी रंग फवाऱ्याने तीन हातांत मारला. या विमानाच्या पोटाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे बाजूने वर गुंडाळले जातात. ते त्यांनी एक उघडा, एक बंद असे बसवले. चिठ्ठी रंगाच्या चिंध्यांबरोबर घंटागाडीत गेली. विमान इतकं देखणं झालं की महेश्वरीबाईंनी पाणी भरता भरता थांबून पाहिलं आणि म्हणाल्या, हे आपल्याच कपाटात ठेवू की.

फक्त आकड्यांचं अडलं. शेपटीवर घालायचा क्रमांक नकाशात परदेशी विमानाचा होता. म्हणून उंबरजे रेल्वे लाइन्सला काकांना भेटायला गेले. समारंभाला आठ दिवस होते. विमान घरीच ठेवलं होतं, एकदम दाखवायचं म्हणून.

वेणीमाधव मोहोळकर खुर्चीत ताठ बसले होते. बोलणं तुटक, आवाज अजून परेडवरचा. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून ते मान वळवून कडेने बघायचे, त्यामुळे ते दुसऱ्याच कोणाशी बोलतायत असं वाटायचं. क्रमांक त्यांनी दम न खाता सांगितला. मग तळाची, बराकीची, जेवणात सापडलेल्या नटबोल्टची गोष्ट निघाली. तळाचं नाव मात्र सांगितलं नाही. उंबरज्यांनी विचारलं तर म्हणाले, ते सांगायचं नसतं. साठ वर्षं झाली होती.

प्रभाताई चहा ठेवून देवदर्शनाला गेल्या. दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत काका थांबले.

“ते ठिगळ नीट आहे ना?” त्यांनी विचारलं. “पोपटी. मी चिठ्ठी ठेवली होती.”

उंबरज्यांच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. ते खोटं होतं हे कळायच्या आधी निघालं.

मग काकांनी सांगितलं. चौसष्ट साल होतं, ते एकवीस वर्षांचे. शेपटीजवळ शिडीवर काम करताना त्यांच्या हातातलं ड्रिल घसरलं आणि विमानाच्या पत्र्याला वीतभर चीर गेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी ड्रिल जागेवर ठेवलं आणि जेवायला गेले. दुपारी चीर सापडली. विचारलं तेव्हा काका ‘मला माहीत नाही’ म्हणाले. कामाच्या तक्त्यावर त्या जागेसमोर नाव भीमाशंकरचं होतं. तो नातेपुत्याचा, काकांचा शेजारच्या खाटेवरचा सोबती. त्याने मी केलं नाही असं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्याची सुट्टी रद्द झाली. त्या सुट्टीत त्याचं लग्न होतं. मुलीकडचे थांबले नाहीत.

“चिरेवर ठिगळ मारायचं काम आम्हा दोघांना दिलं,” काका म्हणाले. “रिव्हेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. बाहेर मी, आत तो. पत्रा भंगारातला होता, रंगाआधी मारतात त्या पोपटी अस्तराचा. वर रंग द्यायला वेळ नव्हता. चोवीस रिव्हेट. मधे पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.”

उंबरज्यांनी विचारलं, त्याला माहीत होतं का.

“माहीत होतं. बोलला नाही. पुढे चार वर्षं माझ्या ताटातलं लोणचं खात होता, पण त्यावर बोलला नाही. दोन हजार अकरात गेला. मला सहा महिन्यांनी कळलं.”

घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रभाला नाही, पत्नी होती तोवर तिलाही नाही. काकांनी साठ वर्षांत चारदा सांगायला सुरुवात केली आणि चारही वेळा विषय बदलला. म्हणून विमान. सहस्रचंद्राच्या दिवशी सगळे असतील, टेबलावर विमान असेल, चंदेरी विमानाला पोपटी ठिगळ कसलं असं कोणीतरी विचारेलच, आणि विचारलं की मग सांगावंच लागेल. आपण आपणहून सांगणारी माणसं नव्हेत, ते म्हणाले, पण सरळ प्रश्नाला खोटं उत्तर त्यांनी त्या दुपारनंतर कधी दिलेलं नाही.

चहा निवला होता. उंबरजे उठले आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी विमान टेबलावर घेतलं आणि ठिगळ पुन्हा रंगवायला बसले. पोपटी रंग जमवला. ब्रश बुडवला. आणि हात तसाच राहिला. ठिगळ कुठल्या बाजूला होतं? डावीकडे की उजवीकडे? शेपटीजवळच्या खिडकीच्या मागे की खाली? त्यांनी डोळे मिटून डबा उघडतानाचं आठवायचा प्रयत्न केला. चौकोन दिसायचा, त्याच्या वेड्यावाकड्या कडा दिसायच्या, बाजू दिसायची नाही. चूक त्यांच्या लक्षात राहायची ती दुरुस्त होईपर्यंत. ही तर दुरुस्त होऊन, घासून, पॉलिश होऊन गेलेली. आधीचा फोटो काढायची त्यांना सवय नव्हती. फोटो ते तयार विमानाचाच काढायचे.

त्यांनी काही निमित्त काढून प्रभाताईंना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी ते ठिगळ पाहिलंच नव्हतं.

महेश्वरीबाईंना त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पाण्याचा दिवस होता, त्या पिंपात पाइप धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी कानडीत एकच शब्द म्हणाल्या, ‘हुच्चा’, म्हणजे वेडा.

“जाऊन सांगा की सरळ. ते काय खातेत काय तुमाला?”

“काय सांगू? चिठ्ठी वाचली आणि तरी पुसलं म्हणून?”

“मग काय सांगणार? उंदरानं पुसलं म्हणून?”

उंबरजे गेले नाहीत. रोज जायचं ठरवायचे. एकदा रिक्षात बसून सात रस्ता चौकापर्यंत गेले आणि तिथे उतरून ब्लेडची पाकिटं घेऊन परत आले. सहाव्या दिवशी त्यांनी अंदाज बांधला. काका उजव्या हाताचे, विमान डाव्या हातात धरून रंगवत असणार, म्हणजे समोर डावी बाजू येणार. त्यांनी डाव्या बाजूला, शेपटीजवळच्या खिडकीमागे, ठिगळ रंगवलं. ते फार नीट आलं. मुद्दाम कडा वाकड्या केल्या, तर त्याही मापून वाकड्या केल्यासारख्या दिसायला लागल्या. सुईच्या टोकाने चोवीस रिव्हेट टोचले. चोवीसही एका अंतरावर बसले.

समारंभ रेल्वे लाइन्सजवळच्या एका लहान हॉलमध्ये झाला. पन्नासेक माणसं होती. चांदीच्या चंद्राची पूजा झाली, एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण झालं. दिव्यांच्या धगीने काकांचा चेहरा लाल झाला होता. विमान पांढऱ्या कापडावर मध्यभागी होतं. आलेला प्रत्येक जण वाकून बघत होता आणि प्रभाताई प्रत्येकाला उंबरज्यांकडे बोट दाखवत होत्या. लोक येऊन हात मिळवत होते. उंबरज्यांना तो हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

प्रश्न विचारला तो मोहोळकरांच्या एका भाच्याने. चनबसप्पा नावाचा त्याचा मित्र बरोबर होता, तो विमानतळाच्या बांधकामाकडे होता, त्याला अशा गोष्टींत रस. दोघांनी ठिगळ पाहिलं आणि भाचा मोठ्याने म्हणाला, “मामा, एवढ्या चकचकीत विमानाला हे पोपटी काय चिकटवलंय?”

काका उठले. प्रभाताई आधार द्यायला पुढे झाल्या, त्यांनी हाताने थांबवलं. टेबलापाशी येऊन त्यांनी विमान डाव्या हाताने धरलं आणि उजव्या हाताचं बोट धडाच्या उजव्या बाजूवर टेकवलं. ते बोट शेपटीच्या पुढे, खिडकीच्या खाली, न चाचपडता गेलं होतं.

“हे ठिगळ,” ते म्हणाले, “चौसष्ट सालचं...”

“नाना, तिथे नाही,” प्रभाताई हळूच म्हणाल्या. “पलीकडच्या बाजूला आहे.”

“पलीकडे?”

“हो. इकडे काहीच नाहीये. तुम्हाला दिसत नाहीये नीट.”

काकांनी मान तिरकी केली. विमान कडेच्या नजरेत आणून बघितलं, उलटं केलं, पुन्हा बघितलं. बोट त्या गुळगुळीत जागेवरून दोनदा फिरवलं. हॉलमध्ये मागच्या बाजूला पानं वाढायचा आवाज सुरू झाला होता.

“पलीकडे होतं?” ते म्हणाले. ते कोणाला विचारत होते ते कळलं नाही. “मग बाहेर कोण होतं आणि आत कोण?”

उंबरजे चार हातांवर उभे होते. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. ते तयारही होतं. काका, तुमचं बरोबर आहे, ठिगळ उजवीकडेच होतं. पन्नास माणसं, प्रभाताई, ज्यांनी नुकतेच हात मिळवले ते लोक. उंबरज्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. भाच्याने सावरून घेतलं, म्हणाला, अहो मामा, वयात असं होतंच, चला बसा. कोणीतरी हसलं, वाईट नव्हे, प्रेमाने. काका बसले. त्यांनी विमान जागेवर ठेवलं आणि नंतर त्याच्याकडे पाहिलं नाही. प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर झालं नव्हतं.

जेवायला उंबरज्यांना काकांच्या पंगतीत बसवलं. पुरणपोळीवर तूप वाढलं. त्यांनी सगळं खाल्लं, कारण पानात टाकलं तर कारण विचारतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला ते रेल्वे लाइन्सला होते. काका त्याच खुर्चीत. दाढी केलेली नव्हती. उंबरजे बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. ठिगळ उजव्या बाजूलाच होतं, काका. मी ते पुसलं. चिठ्ठी वाचून पुसलं. मग तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो. मग कुठे होतं ते आठवेना म्हणून अंदाजाने डावीकडे रंगवलं. काल तुम्ही बरोबर होता आणि मी गप्प बसलो. एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. घरून निघताना ते याहून लांब होतं.

काकांनी मान वळवून त्यांना कडेच्या नजरेत घेतलं.

“का पुसलं?”

“चूक वाटली.”

“चूकच होती ती,” काका म्हणाले.

त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं, एकदा, दोनदा. मग म्हणाले की काल रात्रभर ते दोन्ही बाजू डोक्यात फिरवत होते. डावीकडे धरलं तर शिडी बसत नाही, तक्ता बसत नाही, भीमाशंकर बसत नाही. पहाटेपर्यंत त्यांना वाटायला लागलं होतं की कदाचित चीर पडलीच नसेल, किंवा पडली ती त्याच्याच हातून. आणि हे वाटल्यावर, ते म्हणाले, त्यांना बरं वाटलं. पाच मिनिटं अगदी बरं वाटलं.

“ती पाच मिनिटं तुमच्यामुळे, उंबरजे. ठिगळाचं राहू द्या.”

माफ करा म्हणायला उंबरजे आले होते, पण तो शब्द इथे कुठे ठेवायचा ते त्यांना दिसेना. त्यांनी विचारलं की विमान घेऊन जाऊ का, डावीकडचं काढून उजवीकडे तुमच्यासमोर रंगवतो, तुम्ही सांगाल तिथे. काका म्हणाले, कोणासाठी? काल जे होते ते गेले. भाचा सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. पुन्हा एक्याऐंशी दिवे कोण लावणार?

आत कुकरची शिट्टी झाली. प्रभाताईंनी गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं.

“तुम्हाला तर माझं सांगून झालंय,” काका म्हणाले. “राहिली ती.”

“बोलवू त्यांना?”

“बोलवा. पण आधी तुम्ही. मी पुसलं, मी खोटं बोललो, म्हातारा बरोबर होता, हे सगळं तिला सांगा. माझ्यादेखत. तिने कालपासून मला चार वेळा विचारलंय, नाना, तुम्हाला आठवतं का आज वार कुठला. ते आधी थांबलं पाहिजे. नाहीतर माझं बोलणं ती म्हाताऱ्याचं चळणं समजेल. तुमचं झालं की मी.”

उंबरजे स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. प्रभाताई पाठमोऱ्या उभ्या होत्या, भाजी चिरत होत्या. त्यांना बघून त्या हसल्या, म्हणाल्या की बरं झालं आलात, काल कितीतरी लोकांनी तुमचा नंबर घेतलाय, आणि चहा टाकते, बसा. उंबरजे म्हणाले, चहा नको, जरा बाहेर येता का. त्यांच्या आवाजात काहीतरी असावं, कारण प्रभाताईंनी सुरी बाजूला सारली आणि हात पुसत बाहेर आल्या. आधी वडिलांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“काय झालं?”

हा सरळ प्रश्न होता. काका खुर्चीत ताठ झाले. उंबरज्यांनी सुरुवात चिठ्ठीपासून केली.